भिंतीवरचा काळा डाग

(पावसाळ्यात अनेक घरांच्या भिंतींवर काळे डाग पडतात. ते कशाचे असतात, त्यांच्यापासून आरोग्याला कोणता धोका असतो आणि ते सुरक्षितपणे कसे काढावेत, याची माहिती या पाठात दिली आहे.)

मुलांनो, पावसाळ्याचे दोन महिने उलटले, की एक काम करा. घरातले कपाट भिंतीपासून थोडे पुढे ओढा आणि मागे पाहा. भिंतीवर टांगलेले कॅलेंडर उचलून पाहा. मोरीचा कोपरा, खिडकीची चौकट, पलंगाखालची ट्रंक, गादीची खालची बाजू हेही पाहा. एखाद्या ठिकाणी काळे ठिपके दिसतील. कोठे ते ठिपके एकमेकांत मिसळून मोठा डाग झालेला असेल. जवळ गेल्यावर कुबट वास येईल. हा डाग म्हणजे बुरशी. उर्दूत आपण तिला फफूंद म्हणतो.

मुंबई, मुंब्रा, भिवंडी, रत्नागिरी, चिपळूण या भागांत राहणाऱ्यांना हा डाग नवा नाही. नवा नसल्यामुळेच आपण त्याकडे लक्ष देत नाही. "पावसाळा आहे, डाग पडणारच," असे म्हणतो आणि कपाट पुन्हा मागे सारतो. पण हा डाग आपल्याला काही सांगत असतो. ते काय, हे आज समजून घेऊ.

बुरशी म्हणजे काय?

बुरशी सजीव आहे. मात्र ती वनस्पती नाही. वनस्पतींच्या पानांत हरितद्रव्य असते, त्यामुळे त्या स्वतःचे अन्न तयार करतात. बुरशीत हरितद्रव्य नसते. ती दुसऱ्या वस्तूंवर वाढते आणि त्या वस्तू कुजवून आपले अन्न मिळवते. कागद, पुठ्ठा, लाकूड, चामडे, कापूस, पुस्तकाच्या जिल्दीला लावलेली खळ, भिंतीवरची धूळ हे सर्व तिचे खाद्य आहे.

बुरशीचे धागे फार बारीक असतात. तिच्या बियांसारख्या सूक्ष्म कणांना बीजाणू म्हणतात. ते डोळ्यांना दिसत नाहीत, पण हवेत सगळीकडे असतात. तुमच्या घरात आहेत, तसे शाळेतही आहेत. कोरड्या जागी ते नुसते पडून राहतात. ओल मिळाली, की ते रुजतात.

सर्वच बुरशी आपल्या शत्रू नाहीत. नान फुगवणारे खमीर ही एक प्रकारची बुरशीच आहे. १९२८ मध्ये अलेक्झांडर फ्लेमिंग या शास्त्रज्ञाने लंडनमध्ये पेनिसिलिन या औषधाचा शोध लावला, तोही एका बुरशीमुळेच. निसर्गात पालापाचोळा कुजवून त्याची माती करण्याचे कामही बुरशी करते. तिची योग्य जागा जंगलात आहे. आपल्या झोपण्याच्या खोलीत नाही.

डाग कसा ओळखावा?

भिंतीवरचा प्रत्येक डाग बुरशीचा नसतो. तो ओळखण्याच्या काही खुणा लक्षात ठेवा.

चुलीजवळ किंवा स्टोव्हजवळ काळे दिसत असेल, तर ती बहुधा काजळी असते. तिला ओलीचा वास नसतो.

भिंतीच्या खालच्या भागात पांढरी, भुकटीसारखी पूड दिसत असेल आणि रंगाचे पोपडे सुटत असतील, तर तो लोणा असतो. जमिनीतली ओल भिंतीत वर चढते, पाणी वाळते आणि क्षार मागे उरतात. चिमूटभर पूड पाण्यात टाकली, तर लोण्याचे क्षार विरघळतात. बुरशी विरघळत नाही. पण लोणा दिसला म्हणजे भिंतीत ओल आहेच, हे विसरू नका.

बुरशीचा डाग ठिपक्याठिपक्यांनी वाढतो. त्याला कुबट वास असतो. पुसला तरी काही दिवसांनी तो त्याच जागी परत येतो. एवढ्याने खात्री होत नसेल, तर मोठ्या माणसांनी पाण्यात मिसळलेल्या ब्लीचचा एक थेंब डागावर लावून पाहावा. एकदोन मिनिटांत डाग फिका झाला, तर ती बहुधा बुरशी आहे. रंग बदलला नाही, तर तो बहुधा मळ आहे.

नावाचा घोटाळा

२०२१ मध्ये करोनाच्या साथीत 'काळी बुरशी' हे नाव सगळ्यांच्या तोंडी होते. त्या रोगाचे नाव म्युकरमायकोसिस. तो मुख्यतः करोना झालेल्या, मधुमेह आटोक्यात नसलेल्या आणि स्टेरॉइड औषधे घेतलेल्या रुग्णांना झाला. अनेकांचे डोळे गेले, अनेकांचे प्राण गेले. तेव्हापासून भिंतीवर काळे दिसले, की काही लोक घाबरतात.

ही भीती चुकीची आहे. तो रोग करणारी बुरशी वेगळ्या कुळातली आहे. ती माती आणि कुजक्या पदार्थांत असते व स्वतः काळी नसते. रोग्याच्या शरीराचा भाग मरून काळा पडतो, म्हणून त्या रोगाला तसे नाव पडले. भिंतीवरची काळी बुरशी म्हणजे तो रोग नव्हे. मात्र भीती चुकीची आहे, म्हणून निष्काळजीपणा बरोबर ठरत नाही.

विषारी की बिनविषारी?

दुसरा प्रश्न असा, की भिंतीवरची बुरशी विषारी असते का? ज्या बुरशीला 'विषारी काळी बुरशी' म्हणतात, तिचे शास्त्रीय नाव स्टॅकिबोट्रिस असे आहे. कोर्डा नावाच्या शास्त्रज्ञाने १८३७ मध्ये प्राग शहरातील एका घराच्या भिंतीवर चिकटवलेल्या कागदावर ती पाहिली आणि तिचे वर्णन लिहिले. सतत भिजलेला कागद, पुठ्ठा, प्लायवूड यांवर ती वाढते. ती हिरवट काळी व बुळबुळीत असते आणि काही विषारी द्रव्ये तयार करू शकते.

१९९३ व १९९४ मध्ये अमेरिकेतील क्लीव्हलँड शहरात काही तान्ह्या मुलांच्या फुप्फुसांतून रक्तस्राव झाला. त्याचा दोष प्रथम या बुरशीला देण्यात आला. पुढे २००० मध्ये अमेरिकेच्या रोगनियंत्रण संस्थेने त्या माहितीची पुन्हा तपासणी केली आणि तसे म्हणण्याइतका पुरावा नाही, असे जाहीर केले.

मग निष्कर्ष काय? नुसता रंग पाहून बुरशी विषारी आहे की नाही, हे सांगता येत नाही. काळ्या दिसणाऱ्या बुरशी अनेक जातींच्या आहेत. पण कोणत्याही रंगाची बुरशी घरात वाढू देणे वाईटच. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये ओल आणि बुरशी यांविषयी एक अहवाल प्रसिद्ध केला. ओलसर व बुरशी लागलेल्या घरांत राहणाऱ्यांना खोकला, दमा आणि श्वसनाचे विकार होण्याचा धोका जास्त असतो, असे त्यात म्हटले आहे. लहान मुले, वृद्ध आणि दम्याचे रुग्ण यांना सर्वांत अधिक त्रास होतो. घरात असताना शिंका, खोकला, छातीत घरघर आणि बाहेर गेल्यावर आराम, असे होत असेल तर डॉक्टरांना तसे सांगा. घरात ओल आहे, हेही सांगा. बऱ्याचदा आपण तेवढेच सांगायचे विसरतो.

म्हणून "ही कोणती बुरशी?" असे विचारत बसू नका. "पाणी कोठून येते?" असे विचारा.

आमच्या खोलीची गोष्ट

माझ्या लहानपणी आम्ही कौलारू चाळीत एका खोलीत राहत होतो. आमच्या झोपण्याच्या बाजूला छतालगत एक काळा डाग होता. अब्बा दरवर्षी रमजानच्या आधी भिंतीला चुना लावत. ईदला भिंत पांढरीशुभ्र दिसे. पण पाऊस आला, की डाग परत येई. धाकट्या भावाला पावसाळ्यात रात्ररात्र खोकला होई. अम्मी त्याला मांडीवर घेऊन बसून राहायची.

एका वर्षी एक म्हातारे गवंडीचाचा घरी आले. अब्बांनी त्यांना चुना लावायला सांगितले. त्यांनी चुन्याच्या बादलीला हातही लावला नाही. ते शिडी लावून छपरावर चढले. थोड्या वेळाने खाली उतरून म्हणाले, "मियाँ, मर्ज ऊपर आहे आणि तुम्ही दवा खाली लावता!" दोन कौले फुटली होती. ती बदलली. भिंत पुरती वाळू दिली आणि मग चुना लावला. पुढच्या पावसाळ्यात डाग आला नाही. भावाचा खोकला एकदम थांबला नाही, पण रात्री जागायची वेळ फार कमी वेळा आली.

पाणी कोठून येते?

भिंतीत पाणी येण्याच्या वाटा तीनच. पहिली वरून किंवा बाहेरून : फुटके कौल, गच्चीची भेग, खिडकीची फट, गळका नळ. दुसरी खालून : जमिनीतली ओल. तिसरी आतून : स्वयंपाकाची आणि आंघोळीची वाफ, खोलीत वाळत घातलेले ओले कपडे. तुमच्या घरी यांपैकी कोणती वाट आहे, ते एका सोप्या कृतीने कळते.

कृती : भिंतीचा डागाजवळचा भाग कोरड्या फडक्याने पुसा. तेथे एक फूट लांबरुंद प्लास्टिकचा कागद चारही बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट चिकटवा. एका दिवसाने पाहा. प्लास्टिकच्या आतल्या, म्हणजे भिंतीकडच्या बाजूला पाण्याचे थेंब असतील, तर पाणी भिंतीतून येत आहे. बाहेरच्या, म्हणजे खोलीकडच्या बाजूला थेंब असतील, तर खोलीची हवा दमट आहे.

पाणी भिंतीतून येत असेल, तर गळती दुरुस्त करावी लागेल. हवा दमट असेल, तर समोरासमोरच्या खिडक्या उघडा. कपाट भिंतीपासून चार बोटे दूर ठेवा. उघडीप मिळताच गाद्या, उशा, जानमाज आणि पुस्तके उन्हात किंवा मोकळ्या हवेत ठेवा. भिजलेली वस्तू २४ ते ४८ तासांत पूर्ण वाळली, तर तिच्यावर बुरशी सहसा धरत नाही. जुलै २०२१ मध्ये चिपळूण शहरात पुराचे पाणी घराघरांत शिरले होते. अशा वेळी पाणी ओसरल्यावर चिखल काढणे जितके महत्त्वाचे, तितकेच भिंती व सामान वाळवणेही महत्त्वाचे असते.

सफाई कशी करावी?

हे काम मोठ्या माणसांचे आहे. तुम्ही त्यांना हा पाठ वाचून दाखवा. ज्यांना दमा आहे त्यांनी, तसेच लहान मुलांनी सफाईच्या वेळी खोलीत थांबू नये. डाग सुमारे एक चौरस मीटरपेक्षा, म्हणजे तीन फूट लांब व तीन फूट रुंद जागेपेक्षा, मोठा असेल तर जाणकार माणसाला बोलवावे.

१. आधी गळती बंद करावी.

२. नाकातोंडावर एन-९५ मास्क, हातांत रबरी हातमोजे आणि डोळ्यांवर बंद चष्मा घालावा. साध्या रुमालातून बीजाणू आत जातात.

३. बाहेरची खिडकी उघडावी. घरातल्या दुसऱ्या खोलीकडचे दार बंद करावे. पंखा लावू नये, कारण त्याच्या वाऱ्याने बीजाणू घरभर पसरतात.

४. कोरडा डाग कधीही झाडू नये किंवा खरवडू नये. आधी त्यावर साबणाचे पाणी हलकेच शिंपडून तो ओला करावा.

५. कपडे धुण्याच्या पावडरीचे पाणी आणि ब्रश यांनी डाग घासावा. मग स्वच्छ ओल्या फडक्याने पुसून घ्यावा आणि भिंत पूर्ण वाळू द्यावी.

६. बहुतेक वेळा एवढे पुरते. टाइल किंवा काचेसारख्या गुळगुळीत जागेवर ब्लीच वापरायचेच असेल, तर साबण पाण्याने पूर्ण धुऊन काढावा. मग १ कप ब्लीचच्या द्रावणात निदान १६ कप पाणी मिसळून लावावे. बाटलीवरच्या सूचना आधी वाचाव्यात.

७. वापरलेली फडकी पिशवीत बांधून टाकून द्यावीत. अंगावरचे कपडे वेगळे धुवावेत आणि आंघोळ करावी.

८. बुरशी आत शिरलेली गादी, पुठ्ठा किंवा कुजलेले प्लायवूड स्वच्छ होत नाही. ते टाकून द्यावे.

एक जीवघेणी चूक

एकदा अम्मीने मोरीतला काळा डाग जावा, म्हणून ब्लीचिंग पावडर टाकली. डाग गेला नाही, म्हणून तिने त्यावरच फरशी धुण्याचे ॲसिड ओतले. क्षणात उग्र वास सुटला. तिचे डोळे झोंबू लागले आणि श्वास कोंडला. शेजारच्या खालाजानने तिला ओढून बाहेर आणले, म्हणून ती वाचली. ब्लीच आणि ॲसिड एकत्र आले, की क्लोरीन हा विषारी वायू तयार होतो. ब्लीचमध्ये अमोनिया असलेला पदार्थ मिसळला, तरी विषारी वायू तयार होतात. व्हिनेगर म्हणजे सिरका हेसुद्धा ॲसिडच आहे. "दोन औषधे एकत्र केली, की काम दुप्पट होते," ही समजूत येथे प्राणावर बेतते. असा वास आला, तर लगेच मोकळ्या हवेत जा आणि डॉक्टरांना दाखवा. भिंतीवरच्या डागापेक्षा ही चूक जास्त घातक आहे.

रंगाखाली लपवू नका

इंग्लंडमधील रॉचडेल गावात एक कुटुंब भाड्याच्या घरात राहत होते. घरात बुरशी वाढली होती. त्यांनी घर देणाऱ्या संस्थेकडे पुन्हा पुन्हा तक्रार केली. त्यांना डागावर रंग लावायला सांगण्यात आले. डिसेंबर २०२० मध्ये त्यांचे दोन वर्षांचे मूल दगावले. घरातल्या बुरशीत दीर्घ काळ राहिल्यामुळे श्वसनाचा गंभीर विकार होऊन हा मृत्यू झाला, असा निष्कर्ष नोव्हेंबर २०२२ मध्ये चौकशीत काढण्यात आला. त्यानंतर २०२३ मध्ये तेथे कायदा झाला. ओल आणि बुरशी यांच्या तक्रारीकडे घर देणाऱ्या संस्थांनी ठरावीक मुदतीत लक्ष दिलेच पाहिजे, असे बंधन त्या कायद्याने घातले.

रंगाने डाग झाकतो. ओल झाकत नाही. ही गोष्ट त्या मुलाच्या बाबतीत फार उशिरा कळली.

आपल्यापैकी अनेक जण भाड्याच्या घरात राहतात. छप्पर आपले नसते, वरच्या मजल्याचा नळही आपला नसतो. अशा वेळी नुसते तोंडी सांगून थांबू नये. घरमालकाला किंवा सोसायटीला मराठीत अर्ज लिहावा. डाग कोठे आहे, केव्हापासून आहे, पाणी कोठून येते असे वाटते आणि घरात कोणाला त्रास होतो, हे स्पष्ट लिहावे. अर्जावर तारीख घालावी आणि एक प्रत आपल्याजवळ ठेवावी. असा अर्ज तुम्हाला लिहिता यावा, हेही मराठी शिकण्याचे एक कारण आहे.

मुलांनो, आज घरी गेल्यावर कपाट पुढे ओढा. डाग दिसला तर घाबरू नका आणि लपवूही नका. त्याच्या मागचे पाणी शोधा.

शब्दार्थ

बुरशी – फफूंद
ओल – नमी, सीलन
कुबट – ओलीमुळे येणारा घाण वास
दमट – ओलसर (हवा)
लोणा – ओलीमुळे भिंतीवर येणारे क्षार
पोपडे – भिंतीवरून सुटलेले रंगाचे किंवा चुन्याचे तुकडे
काजळी – धुराचा काळा थर, कालिख
फुप्फुसे – फेफडे
पुरावा – सबूत
उघडीप – पाऊस थांबून पडलेले ऊन
गळती – पाणी झिरपणे
दगावणे – मरण पावणे

स्वाध्याय

प्र. १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) बुरशीच्या बियांसारख्या सूक्ष्म कणांना काय म्हणतात?
(आ) लोणा आणि बुरशी यांतील फरक कसा ओळखावा?
(इ) सफाई करताना पंखा का लावू नये?

प्र. २. तीन-चार वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) भिंतीत पाणी येण्याच्या तीन वाटा कोणत्या?
(आ) भिंतीवरची काळी बुरशी म्हणजे २०२१ मधला रोग नव्हे, असे लेखक का म्हणतात?
(इ) ब्लीच आणि ॲसिड एकत्र का करू नये?

प्र. ३. "मर्ज ऊपर आहे आणि तुम्ही दवा खाली लावता!" हे वाक्य कोण, कोणाला व केव्हा म्हणाले? त्याचा अर्थ तुमच्या शब्दांत सांगा.

प्र. ४. कंसातील योग्य शब्द निवडून रिकाम्या जागा भरा. (कुबट, उघडीप, गळती, पोपडे)
(अ) ______ मिळताच अम्मीने गाद्या बाहेर घातल्या.
(आ) बंद खोलीत ______ वास येत होता.
(इ) भिंतीच्या रंगाचे ______ सुटले.
(ई) गवंड्याने छपराची ______ बंद केली.

प्र. ५. तुमच्या घराच्या भिंतीत वरच्या मजल्यावरून पाणी झिरपते, अशी कल्पना करा. दुरुस्तीसाठी सोसायटीच्या चिटणीसांना अर्ज लिहा. (खाली स्वतःच्या नावाऐवजी अ. ब. क. असे लिहा.)

उपक्रम : पाठात दिलेली प्लास्टिकच्या कागदाची कृती घरी करून पाहा. काय दिसले, ते पाच वाक्यांत लिहून वर्गात वाचून दाखवा.